काजळी, ओघळ आणि धुरळा : छोट्या इंजिनांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : मॉडेल रेल्वेचं इंजिन विकत घेतलं, पण ते खेळणं वाटतं, खरं कसं दिसेल? उत्तरं देण्याआधी क्रम सांगून ठेवतो. आधी इंजिन नीट चालवा, मग त्यावर बारकावे चढवा आणि शेवटी ते मळवा. उलट क्रमाने गेलात तर रंगवलेलं इंजिन दुरुस्तीसाठी पुन्हा उघडावं लागतं आणि केलेलं काम बोटांच्या ठशांखाली जातं.

प्रश्न : एचओ (१:८७) मापाचं तयार डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन घेतलं आहे. फार तकतकीत दिसतं. दौंड–सोलापूर मार्गावर वर्षानुवर्षं राबलेल्या इंजिनासारखं ते दिसावं, अशी इच्छा आहे. एअरब्रश आहे, पण हात बसलेला नाही. काम कोणत्या क्रमाने करावं? — वाचक, सोलापूर

उत्तर : रंगाची बाटली उघडण्याआधी खऱ्या इंजिनाचे चार-पाच फोटो समोर ठेवा. त्यात एक वरून काढलेला हवाच, कारण मॉडेल आपण नेहमी वरून पाहतो. इंजिनावरच्या प्रत्येक डागाला कारण असतं. ते कळलं की डाग कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

डब्ल्यूडीएम-२ म्हणजे १६ सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं अल्को इंजिन. लोको पायलटने नॉच (वेगाच्या हँडलचा टप्पा) वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर येतं. त्यामुळे काजळी सर्वांत दाट असते ती छतावर, धुराड्याच्या तोंडाशी. तिथून ती दोन्ही दिशांना विरळ होत जाते, कारण ही इंजिनं दोन्ही दिशांनी धावत. बाजूच्या पत्र्यावर ती फारशी उतरत नाही. बोगीवर (म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांची चौकट) आणि खालच्या सांगाड्यावर ब्रेकची पूड बसते. बिडाच्या ब्रेक ब्लॉकची पूड गंजून तपकिरी होते, कॉम्पोझिट ब्लॉकची करडी-काळपट राहते. डिझेल टाकीच्या भरण्याच्या तोंडाखाली गडद, ओलसर चमक असलेले ओघळ दिसतात. लाँग हूडच्या, म्हणजे केबिनपलीकडच्या लांब भागाच्या, टोकाला रेडिएटरच्या झडपांखाली पाण्याचे फिकट डाग असतात. बाजूच्या चालण्याच्या पट्टीवर मधोमध रंग झिजलेला आणि कडेला मळ साचलेला असतो. या सगळ्यावर त्या मुलखाची धूळ. सोलापूरकडची काळ्या मातीची धूळ वाळली की करडी-तपकिरी दिसते. कोकणातल्या इंजिनाला तोच रंग दिलात तर चूक ठरेल, तिथे जांभ्याची तांबूस धूळ हवी.

आता कृती. बॉडी चासीपासून वेगळी करा. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने बॉडी धुवा आणि २४ तास वाळू द्या. साच्यातलं तेल आणि बोटांचा घाम निघाला नाही, तर रंग तिथेच सोलून निघतो. काचा आणि दिव्यांची भिंगं मास्किंग फ्लुइडने झाका. पुढच्या काचेवर वायपरने पुसलेला पंखा दाखवायचा असेल, तर मास्किंग टेपमधून तेवढाच आकार कापून चिकटवा. शेवटी टेप काढली की धुळीच्या काचेत स्वच्छ पंखा उमटतो. हा एवढासा तपशील फार बोलतो.

पहिला थर उन्हाने विटलेल्या रंगाचा. मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिकट बदामी मिसळा. १ भाग रंगाला ८ ते ९ भाग थिनर इतका पातळ करा आणि १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ बार दाबावर १०-१५ सेंटिमीटरवरून मारा. एका फेरीत काहीच दिसलं नाही असं वाटलं पाहिजे, तिसऱ्या फेरीत फरक जाणवतो. पत्र्याच्या मधल्या भागावर जास्त, कडांना कमी. हात बसलेला नाही म्हणता, तर आधी पांढऱ्या कागदावर आणि मग एखाद्या जुन्या डब्यावर सराव करा. एअरब्रशचं बटण दाबण्याआधी हात हलू लागलेला असावा आणि सोडल्यानंतर थांबावा. हात थांबलेला असताना बटण दाबलं की तिथे कोळ्याच्या पायांसारखा रंग पसरतो.

त्यावर ग्लॉस ॲक्रिलिक वार्निशचा थर देऊन २४ तास थांबा. हा थर टाळू नका. पुढचा ऑइल रंगाचा वॉश (खूप पातळ केलेला रंग) ग्लॉसवर फटींमध्ये वाहत जातो. मॅट पृष्ठभागावर तोच वॉश जिथे पडेल तिथेच मुरतो आणि पुसला तरी डाग उरतो. शिवाय कारखान्यात छापलेले आकडे या थराखाली सुरक्षित राहतात. उघड्या छपाईवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं, तर आकडे कापसाबरोबर निघून येतात.

वॉशसाठी बर्न्ट अंबर ऑइल रंगात चिमूटभर काळा मिसळा आणि १ भागाला १० भाग वास नसलेलं मिनरल टर्पेंटाइन घाला. शून्य नंबरच्या ब्रशने दारांच्या फटी, बिजागऱ्या, जाळ्या आणि रिव्हेटच्या रांगा एवढ्यावरच टोक टेकवा. अख्ख्या बॉडीवर फासू नका. १५-२० मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलावलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढा. पावसाचं पाणी याच दिशेने वाहतं. आडवा फटकारा एकच जरी राहिला, तरी डोळा तिथेच अडकतो.

ऑइल रंग वाळायला दोन दिवस द्या आणि मॅट वार्निश मारा. मग छताची काजळी. शुद्ध काळा रंग कधीच वापरू नका. या मापात तो छिद्रासारखा दिसतो. ३ भाग काळ्यात १ भाग गडद तपकिरी मिसळा. धुराड्याच्या तोंडापासून सुरुवात करून लांबीच्या दिशेने हात न्या.

बोग्या वेगळ्या रंगवा. चासीच्या मोटरला तारांनी ४-५ व्होल्ट देऊन चाकं हळू फिरत ठेवा आणि फिरत्या चाकांवर गडद तपकिरी-करडा मारा. थांबलेल्या चाकावर मारलं, तर बोगीच्या चौकटीची सावली चाकावर कोरी राहते आणि इंजिन सुटलं की ती गरगर फिरताना दिसते. रंग ओला असतानाच चाकांचा धावपट्टा अल्कोहोलने पुसा, वाळल्यावर तो खरवडावा लागतो. टाकीखालचा डिझेलचा ओघळ मात्र सगळ्यांत शेवटी द्या. मॅट वार्निश झाल्यावर गडद ऑइल रंगात किंचित ग्लॉस वार्निश मिसळून बारीक ब्रशने ओढा. सगळं मॅट झालेल्या इंजिनावर तेवढीच ओली चमक नजरेत भरते.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सगळं एकाच दिवशी आणि एकसारखं मळवणं. प्रत्येक थरानंतर इंजिन शेल्फवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पाहा. जास्त वाटलं तर कमी करता येतं, पण वार्निश करण्याआधीच.

प्रश्न : पिगमेंट पावडर (धूळ-काजळी दाखवायची रंगपूड) फार महाग पडते. रांगोळी, विटेची पूड किंवा दिव्याची काजळी वापरली तर चालेल का? — वाचक, जळगाव

उत्तर : तिन्ही नकोत. रांगोळीचा कण ०.२ मिलिमीटरचा धरला, तरी १:८७ मापात तो १७ मिलिमीटरची खडी होतो. इंजिनावर धूळ हवी, खडी नको. विटेची पूड मलमलीतून गाळली तरी धारदार राहते. गिअरमध्ये गेली की प्लॅस्टिकचे दाते घासते. दिव्याची काजळी तेलकट असते, ती वार्निशखाली धरत नाही आणि हाताला लागत राहते.

कला साहित्याच्या दुकानात सॉफ्ट पेस्टलच्या सुट्या कांड्या मिळतात. काळी, बर्न्ट अंबर, रॉ अंबर आणि फिकट करडी एवढ्या चार पुरेत. ऑइल पेस्टल चुकूनही घेऊ नका, त्याची पूडच होत नाही. कांडी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा आणि पूड जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. मॅट वार्निश केलेल्या पृष्ठभागावर मऊ ब्रशने थोपटून लावा. ग्लॉसवर ती टिकत नाही. वरून वार्निश मारलं की निम्मा परिणाम नाहीसा होतो, म्हणून हवा त्यापेक्षा दीडपट लावा. ज्या भागाला हात लागणार नाही, उदाहरणार्थ बोगीची बाजू, तिथे वार्निशऐवजी अल्कोहोलचा एक थेंब ब्रशच्या टोकाने सोडलात तरी पूड बऱ्यापैकी धरून राहते. फक्त थेंब सोडा, घासू नका. छपाई जवळ असेल तर तिथे हे करू नका. कॅनमधल्या लॅकर जातीच्या मॅट वार्निशवरही अल्कोहोल पांढरी झाक आणतं, तिथे आधी कोपऱ्यात पाहून घ्या.

प्रश्न : जुलैमध्ये कॅनमधलं मॅट वार्निश मारलं आणि सगळं इंजिन दूध सांडल्यासारखं पांढुरकं झालं. फुकट गेलं का? — वाचक, चिपळूण

उत्तर : फुकट गेलेलं नाही. फवाऱ्यातलं द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असली की तिच्यातली वाफ त्या गार पृष्ठभागावर जमते आणि वार्निशमध्ये अडकते. उपाय असा : कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा, मग त्याच कंपनीच्या ग्लॉस वार्निशचा एक हलका, ओलसर थर द्या. खालचा थर किंचित विरघळून पांढरेपणा बहुतेक वेळा जातो. तो पूर्ण वाळला की त्याच कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारा.

पुढच्या वेळी दहा-बाराशे रुपयांच्या वार्निशआधी एक साधा आर्द्रतामापक घ्या. ६५ टक्क्यांच्या वर काटा असेल, तर कॅन हातात घेऊ नका. कोकणात पावसाळ्यात याचा अर्थ जवळजवळ चार महिने कॅन बंद. तेवढ्या काळात एअरब्रशने पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निश पातळ थरांत मारता येतं. त्यालाही वाळायला जास्त वेळ लागतो, पण ते असं पांढरं पडत नाही. एअरब्रशच्या नळीत वॉटर ट्रॅप मात्र हवाच, नाहीतर कॉम्प्रेसरमधलं पाणी थेंबाथेंबाने इंजिनावर येतं.

प्रश्न : आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, पण मॉडेल मात्र १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावतं. समोरून पाहिलं की चाकं आत ओढल्यासारखी वाटतात. गेज बदलावा का? — वाचक, नाशिक

उत्तर : तुमची नजर बरोबर आहे. १६७६ ला ८७.१ ने भागलं की १९.२४ येतात, म्हणजे मॉडेलचा रूळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद आहे. १६.५ हे माप १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचं. गेज बदलायचा, तर लांब ॲक्सल, नवे रूळ आणि सांधे असं सगळंच हाताने बनवावं लागेल आणि दुसऱ्या कुणाच्याही लेआउटवर (मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर) तुमचं इंजिन चालणार नाही. शोकेससाठी एकच इंजिन करायचं असेल, तर जरूर करा. चालत्या लेआउटसाठी आमचं मत नाही असंच आहे.

त्यापेक्षा नजर फसवणं सोपं. चाकांची पुढची आणि मागची दोन्ही बाजू गडद रंगवा, चमकणारं चाकच फट दाखवतं. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा. रूळ निवडताना उंची पाहा. मॉडेल रुळाचा कोड म्हणजे त्याची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच, म्हणजे १:८७ मध्ये १.९८ मिलिमीटर. २.१ मिलिमीटरचा कोड ८३ त्याच्या अगदी जवळ जातो. ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटरचा, त्याला कोड ७० चपखल बसतो. खोक्यातल्या सेटबरोबर येणारा कोड १०० अडीच मिलिमीटरचा, त्यावर कोणतंही इंजिन खेळण्यासारखंच दिसणार. काँक्रीटचे स्लीपर किलोमीटरला १६६० असतात, तेव्हा मॉडेलमध्ये दोन स्लीपरच्या मध्यांत सुमारे ६.९ मिलिमीटर अंतर हवं. तेवढं जमवलंत, तर गेजकडे लक्ष जाणं खूप कमी होतं.

ज्यांना गेजचा अचूकपणा खरोखर महत्त्वाचा वाटतो, त्यांनी नॅरोगेजकडे वळावं. मूर्तिजापूर–यवतमाळच्या शकुंतलेचा गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये ८.७५. एन (१:१६०) मापाचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ त्याला जवळजवळ नेमका बसतो. माथेरानचा ६१० मिलिमीटर मात्र ७ वर येतो, तिथे ९ चा रूळ रुंद वाटतो.

प्रश्न : माझं डब्ल्यूएजी-७ (मालगाडीचं विजेचं इंजिन) सपाट रुळावर आठ डबे आरामात ओढतं, पण बोरघाटासारखा १:३७ चा चढ केला तिथे चाकं जागच्या जागी फिरतात. मोटर कमजोर आहे का? — वाचक, बदलापूर

उत्तर : चाकं फिरताहेत म्हणजे मोटरमध्ये ताकद आहे, रुळावर पकड नाही. गणित करून पाहू. तुमचं इंजिन ३४० ग्रॅमचं आणि सगळे ॲक्सल चालते धरू. धातूच्या चाकांची पकड वजनाच्या साधारण २२ टक्के, म्हणजे ओढ ७५ ग्रॅम. आठ डबे दीडशे ग्रॅमचे, एकूण १२०० ग्रॅम. १:३७ चढावर १२०० ग्रॅमला ३२ ग्रॅम आणि इंजिनाच्या स्वतःच्या वजनाला ९ ग्रॅम लागतात. डब्यांच्या चाकांचं घर्षण अडीच टक्के धरलं तर आणखी ३०. बेरीज ७१. सरळ चढावर इंजिन कसंबसं निघेल, वळण आलं की घसरणार. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

आधी डबे सुधारा, कारण ते फुकट आहे. डबा काचेच्या पट्टीवर ठेवा आणि पट्टीचं एक टोक हळूहळू उचला. ४० सेंटिमीटरच्या पट्टीचं टोक १ सेंटिमीटर उचलल्यावर डबा सुटला, तर घर्षण अडीच टक्के. त्याआधीच सुटला, तर उत्तम. जो डबा सुटत नाही, त्याच्या ॲक्सलची टोकं आणि बोगीतल्या खाचा साफ करा. तिथे केस आणि गालिच्याचे धागे हमखास गुंडाळलेले असतात.

मग इंजिनात वजन भरा. ६० ग्रॅम शिसं घातलं की ओढ ८८ ग्रॅम होते आणि गरज फक्त ७३ वर जाते. शिल्लक १५ ग्रॅम वळणाला पुरतात. वजन दोन्ही बोग्यांवर सारखं पडलं पाहिजे. बॉडीच्या मध्यबिंदूखाली पेन्सिल ठेवून इंजिन तोलून पाहा. शिशाची पट्टी हातमोजे घालून कापा आणि नंतर हात साबणाने धुवा. घरात लहान मुलं असतील, तर टंगस्टनची पुटी घ्या. ती महाग असते पण विषारी नसते. शिसं पीव्हीए जातीच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. त्यातल्या आम्लाच्या अंशाने शिशाची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि काही वर्षांत बॉडीच फाडते. इपॉक्सी वापरा.

वजन वाढवताना मर्यादा एकच : ओढ फार झाली तर आधी चाकं घसरली पाहिजेत, मोटर अडकता कामा नये. १२ व्होल्ट देऊन इंजिन हाताने धरा आणि ॲमीटर पाहा. चाकं घसरत असतील तर ठीक. चाकं थांबून मोटर नुसती गुणगुणत असेल, तर दोन सेकंदांत वीज बंद करा आणि वजन कमी करा.

खऱ्या घाटात मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावतात, तसा मागे दुसरं इंजिन लावण्याचा मोह होईल. जमतं, पण दोन्ही इंजिनांचा वेग वेगवेगळा मोजून जुळवल्याशिवाय नको. मागचं थोडं जरी जोरात निघालं, तर मधला हलका डबा वळणावर बाहेर फेकला जातो.

प्रश्न : एन मापाचं जुनं अमेरिकन डिझेल आहे. दर वीतभर अंतरावर अडखळतं. रूळ पॉलिश पेपरने घासून पाहिले, दोन दिवस बरं चाललं, आता आधीपेक्षा वाईट. — वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पॉलिश पेपर बंद करा. त्याच्या ओरखड्यांत ठिणग्या पडतात आणि मळ घट्ट बसतो, म्हणूनच आता आधीपेक्षा वाईट झालंय. १००० नंबरपेक्षा जाड कागद लावला असेल, तर २००० नंबरने रुळाचा माथा लांबीच्या दिशेने पुन्हा गुळगुळीत करा. त्यानंतर फक्त ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. हाताचं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन रुळावर थर सोडतं.

चाकांसाठी : रुळावर अल्कोहोलने भिजवलेला कागदी रुमाल आडवा टाका, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी कोरड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरून चाकं फिरू द्या. काळ्या रेघा उमटायच्या थांबेपर्यंत रुमाल सरकवत राहा, मग बाजू बदला.

तरीही अडखळलं, तर दोष आत आहे. अशा जुन्या इंजिनांत धातूची चासी उभी दोन भागांत असते आणि डावा-उजवा भाग हीच वीज नेणारी वाट असते. बोगीतल्या तांबूस पट्ट्या चासीला नुसत्या टेकलेल्या असतात. तिथे ऑक्साइडचा थर चढला की वीज तुटते. चासी उघडा, पट्ट्यांची टोकं आणि त्या जिथे टेकतात ती जागा पेन्सिलच्या खोडरबरने चमकवा, अल्कोहोलने पुसा. पट्टीला वर एक केसभर बाक द्या. जास्त दिलात तर बोगी वळत नाही आणि इंजिन वळणावर रुळावरून उतरतं. मल्टिमीटरचं एक टोक चाकाला, दुसरं त्याच बाजूच्या चासीला लावून प्रत्येक चाक तपासा. एक ओहमच्या आसपास वाचन हवं. बंद करताना स्क्रू बोटाच्या टोकाने बसतील तेवढेच आवळा. अति आवळलं, तर वर्मचे (मोटरच्या दांड्यावरच्या मळसूत्री गिअरचे) बेअरिंग दाबले जातात आणि मोटर गरम होते.

टिकटिक आवाज येऊन इंजिन ठरावीक अंतरावर उसळत असेल, तर ॲक्सलवरचं प्लॅस्टिकचं गिअर चिरलेलं असतं. चीर केसासारखी असते, भिंगातून पाहा. गोंदाने ती जोडली जात नाही, गिअरच बदलावं लागतं.

प्रश्न : साध्या डीसी इंजिनात डीसीसी डिकोडर (डिजिटल हुकूम ओळखून मोटर आणि दिवे चालवणारी चकती) आणि पुढचे-मागचे दिवे बसवायचे आहेत. वायरींचे रंग आणि रोधक सांगाल का? — वाचक, पुणे

उत्तर : लाल वायर उजव्या रुळाच्या चाकांना, काळी डाव्या. नारंगी आणि करडी मोटरच्या दोन ब्रशना. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी दोन्ही दिव्यांची सामाईक धन वायर. एलईडीचा लांब पाय निळ्या वायरकडे येतो. मोटरचा एकही ब्रश चासीला चिकटलेला नको. डिकोडर जळण्याचं पहिलं कारण हेच. जोडण्याआधी ब्रश आणि चासी यांमध्ये मल्टिमीटर लावा. जराही वाचन आलं, तर आधी ते तोडा.

पांढऱ्या एलईडीला १ किलोओहमचा पाव वॅटचा रोधक लावा. १४ व्होल्टला १०-११ मिलिॲम्पिअर जातात आणि ते पुरेसे असतात. रोधकात ०.१२ वॅट उष्णता होते, म्हणून एक-अष्टमांश वॅटचा रोधक प्लॅस्टिकच्या बॉडीला टेकवून ठेवू नका, प्लॅस्टिक वितळून खळगा पडतो. ०६०३ मापाच्या बारीक एलईडीला २.२ किलोओहम, लाल मार्कर दिव्याला ४.७ किलोओहम. जुन्या इंजिनाला पिवळसर पांढरा दिवाच शोभतो. निळसर पांढऱ्या झोताने तुमची सगळी काजळी खोटी ठरते. दिव्याच्या मागून बॉडीतून उजेड झिरपतो, तिथे आतून आधी काळा आणि त्यावर चंदेरी रंग द्या.

पहिल्यांदा वीज देताना इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर) ठेवा आणि सीव्ही १ (डिकोडरमधली पत्त्याची सेटिंग) वाचा. ३ आलं, तर जोडणी बरोबर आहे, कारण कारखान्यातून पत्ता तोच येतो. मुख्य रुळावर एकदम ठेवलंत आणि कुठे शॉर्ट असेल, तर डिकोडर संपतो. नंतर सीव्ही ३ ला (वेग घेणं) १५ ते २० आणि सीव्ही ४ ला (वेग कमी करणं) १० ते १५ द्या. जड डिझेलसारखं ते हळूहळू वेग घेईल.

प्रश्न : लोको शेडचं नाव देवनागरीत छापून लावायचं आहे, तयार डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पट्टी) मिळत नाही. — वाचक, नागपूर

उत्तर : घरच्या इंकजेटवर होतं. प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, ही एकच अडचण. म्हणून पांढरी अक्षरं हवी असतील, तर पांढऱ्या डेकल कागदावर इंजिनाच्या रंगाची पार्श्वभूमी छापा आणि अक्षरं कोरी सोडा. रंग जुळवायला छटांची पट्टी छापून बॉडीशेजारी धरा, पडद्यावर विश्वास ठेवू नका. २० सेंटिमीटरचं खरं अक्षर या मापात २.३ मिलिमीटर होतं. ६०० डीपीआयला त्यात जेमतेम ५४ ठिपके मावतात, म्हणून जाड-बारीक वळणांचा फाँट न घेता सारख्या जाडीचा घ्या, नाहीतर वेलांट्या आणि रफार तुटतात.

छपाई तासभर वाळवा आणि त्यावर ॲक्रिलिक क्लिअर वार्निशचे दोन हलके थर द्या. हे विसरलात, तर पाण्यात टाकताच शाई वाहून जाते. अक्षरांच्या अगदी कडेने कापा. बॉडीवर तिथे आधी ग्लॉस वार्निश हवं. मॅटवर लावलं तर डेकलखाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी चौकोन दिसतो. डेकल मऊ करणारं द्रावण लावल्यावर ते सुरकुततं, तेव्हा घाबरून हात लावू नका. वाळताना ते आपोआप सपाट बसतं.

प्रश्न : साच्यात घडवलेले कठडे काढून तारेचे बसवायचे आहेत. कोणती तार घ्यावी? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझ. पितळेची वाकली की वाकलेलीच राहते, फॉस्फर ब्राँझ परत येते. भोकं तारेपेक्षा एक घर मोठ्या ड्रिलने, हाताच्या पिन व्हाइसमध्ये पाडा. विजेच्या ड्रिलने प्लॅस्टिक वितळतं. सगळे कठडे एकसारखे यायला जाड प्लॅस्टिकच्या तुकड्याभोवती वाकवा. सुपरग्लू पिनच्या टोकाने आणि आतल्या बाजूने लावा. काच बसवलेली असेल तर तो तिथे वापरूच नका, त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते. तारेला रंगाआधी मेटल प्रायमर लावा, नाहीतर पहिल्याच हाताळणीत रंग सुटतो.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं धातूचं इंजिन आहे. चासी फुगून तडकली आहे. जोडता येईल का? — वाचक, मडगाव

उत्तर : नाही. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशासारखी अशुद्धी राहिली, की तो आतून कणाकणाने सुटत जातो. रंगाने किंवा गोंदाने ते थांबत नाही. चाकं, मोटर आणि बॉडी आताच सोडवून घ्या, चासी आणखी फुगली की ती त्यांनाही तडकवेल. मोजमापं घेऊन पितळी पट्टीची नवी चासी करता येते किंवा त्याच व्हीलबेसची नवी चासी खाली बसवता येते. आर्द्रतेने हा दोष वेगाने वाढतो, तेव्हा समुद्राकाठच्या घरात इतर जुनी इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि पुड्या दर दोन महिन्यांनी तापवून कोरड्या करा.